सेमिसीची शिफारस

हातातला टारोचा कंद अर्धवट सोलून ठेवत उएपाने अंगणात स्वयंपाकाला बसलेल्या बायकांकडे एकदा पाहून घेतलं.

"मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकीचाही विश्वास बसणार नाही," तो म्हणाला. "माझाही बसला नसता. पण मी तिथे शिडीवर होतो."

"तू नेहमीच शिडीवर असतोस," लूपेआत्या म्हणाली. "देवाने आदमला घडवलं तेव्हाही तू शिडीवर चढून स्वर्गाची पन्हळ साफ करत होतास."

"तुंबलीच होती ती. मी बजावलं होतं, वेळच्या वेळी साफ करून घ्या. ऐकलं नाही. मग पुढे नोहाच्या वेळी काय झालं ते ठाऊकच आहे तुम्हाला."

कालोलाइने हसली, पण तिचे हात थांबले नाहीत. अळूची पानं तळहातावर एकावर एक पसरायची, मधोमध कांदा आणि डब्यातलं खारं मांस ठेवायचं, वर नारळाचं दूध ओतायचं आणि पुडी बांधून पातेल्यात रचायची, असं तिचं सकाळपासून चाललं होतं. दुपारी पाद्री येऊन नव्या घराला आशीर्वाद देणार होता. तिचा नवरा फोलाऊ चर्चमधून खुर्च्या आणायला गेला होता. अंगणाच्या टोकाला, कुंपणाशी, फोलाऊचा चुलतभाऊ सेमिसी उमूचे, म्हणजे जमिनीतल्या भट्टीचे, दगड तापवत होता. खड्डा त्याने घरातलं कुणी उठायच्या आत येऊन खणला होता, आणि त्याच्या कडा अशा पट्टीने आखल्यासारख्या सरळ काढल्या होत्या की आत डुक्कर पुरायचं की राजा, असा प्रश्न पडावा. त्याची पाठ इकडे होती.

डोक्यावरून एक विमान मांगेरे उपनगरातल्या विमानतळाच्या धावपट्टीकडे खाली आलं. ते उतरेपर्यंत कुणी बोललं नाही. बोलून उपयोग नसतो.

"काका, थट्टा पुरे," विमान गेल्यावर कालोलाइने म्हणाली. "घर मिळालं कसं, ते सांगा. फोलाऊला विचारलं तर म्हणतो, देवाची कृपा. देवाची कृपा आत्याच्या गॅरेजमध्येही होती. पण तिथे बुरशीही होती."

"माझ्या गॅरेजला नावं ठेवू नकोस."

"गॅरेजला नाही हो आत्या. बुरशीला ठेवते."

उएपाने सुरी पुसली आणि नेहमीप्रमाणे भलतीकडूनच सुरुवात केली.

पूर्वी कुणाला घर भाड्याने हवं असलं, की मालक पाद्र्याला विचारायचा, माणूस कसा आहे म्हणून. आता कॉम्प्युटरला विचारतो. दोघांत फरक एवढाच की पाद्री काही गोष्टी विसरतो. कॉम्प्युटर विसरत नाही. कुठला हप्ता चुकला, कुठलं वीजबिल थकलं, कुणी वसुलीसाठी माणूस पाठवला, हे सगळं तो नव्या मालकाच्या कानात सांगून मोकळा होतो. आणि फोलाऊच्या नावावर त्याला सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

"मिसेस हॅलोरनबाईंनी फोनमध्ये त्याचं नाव घातलं," उएपा म्हणाला, "आणि फोन असा काही तापला की बाईंनी त्यावर चहाची किटली ठेवली. उकळी आली. मलाही अर्धा कप दिला."

"साखर होती का त्यात?" लूपेआत्याने विचारलं.

"साखर मी माझी घातली. खोटं कशाला बोलू?"

मिसेस हॅलोरन म्हणजे या घराची मालकीण. पुढच्या बाजूला, हेजच्या पलीकडे, लहानशा घरात ती एकटी राहते, चार पायांची काठी पुढे ढकलत चालते, आणि तिचं गवत उएपा कापतो. हे मागचं घर रिकामं झालं तेव्हा बघायला आलेल्यांची रांग फुटपाथवरून पार कोपऱ्यापर्यंत गेली होती.

कालोलाइनेला अशा रांगांची सवय झाली होती. सुरुवातीला ती पाचही मुलांना अंघोळ घालून, भांग पाडून, इस्त्रीचे कपडे घालून बरोबर न्यायची. घर दाखवायला आलेली बाई मुलांकडे बघून गोड हसायची आणि मनातल्या मनात मोजायची. मग तिने मुलांना आत्याकडे ठेवायला सुरुवात केली. तरी दोन दिवसांनी फोनवर तोच मजकूर यायचा, आपल्या अर्जाबद्दल आभार, या वेळी जमू शकलं नाही. हिवाळा लागला तशी गॅरेजमधल्या गाद्यांची कड काळी पडली. धाकट्या मेलेला खोकला लागला, तो छातीत उतरला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईने औषध लिहून दिलं आणि म्हणाली, खरं औषध म्हणजे कोरडं घर. ते मात्र कुठल्या दुकानात मिळतं, हे तिने लिहून दिलं नाही.

"तिसऱ्यांदा ॲडमिट केली तेव्हा मी फोलाऊला म्हटलं, आता तू लोकांना नाही म्हणायला शिक," कालोलाइने म्हणाली. "तो म्हणाला, बरं. लगेच त्याला कुणाचा तरी फोन आला, आणि तो म्हणाला, बरं."

लूपेआत्याने नजर टबातल्या पाण्यात बुडवली. कंद उगाचच दोनदा धुतला.

"आता सेमिसीचं सांगतो," उएपा म्हणाला, आणि आवाज खाली आणायच्या ऐवजी जरा चढवला.

कुंपणापाशी फावडं दगडावर आपटलं.

सेमिसी आणि फोलाऊ सख्ख्या भावांची मुलं, एकाच चटईवर झोपून मोठी झालेली. सेमिसी विमानतळाच्या मालगोदामात कामाला. वीजबिलाचं पाकीट हातात पडलं की ते टेबलावर ठेवायच्या आधी पैसे भरून मोकळा. कुणाकडून त्याने आयुष्यात सुई उसनी घेतली नाही. घरात कात्र्यासुद्धा दोन, एक मोडली तर शेजारी मागावी लागू नये म्हणून. कॉम्प्युटरला त्याचं नाव विचारलं की कॉम्प्युटर उठून उभा राहतो आणि टोपी काढतो.

"कॉम्प्युटरला टोपी?"

"असते. तुम्ही मागून बघत नाही कधी."

पण एवढं सगळं असून सेमिसीला फोलाऊचं बघवत नसे. वर्षातून एकदा चर्चमध्ये दान वाहायचा दिवस येतो. सभागृह भरतं, आणि एकेका कुटुंबाचं नाव आणि आकडा मोठ्याने पुकारला जातो. सेमिसीचा आकडा चांगला असायचा, दरवर्षीचा ठरलेला, कोऱ्या नोटांचा, पाकिटात आठवडाभर आधी घालून ठेवलेला. नाव पुकारलं की टाळ्या पडायच्या. जेवण झाल्यावर हात झटकावेत तशा. मग फोलाऊचं नाव यायचं. त्या दिवशी आपल्या खिशात काय आहे हे फोलाऊला खिशात हात घालेपर्यंत माहीत नसायचं. कधी हप्त्याचे पैसे असायचे, कधी भाड्याचे. तो नाचत पुढे यायचा, आणि चालताना गुडघे धरणाऱ्या म्हाताऱ्या खुर्च्या मागे सारून त्याच्याभोवती नाचायला लागायच्या. छपराचे पत्रे थरथरायचे.

"एका वर्षी," उएपा म्हणाला, "त्या आवाजाने उतरायला आलेलं विमान घाबरून परत वर गेलं. थेट सिडनीला जाऊन उतरलं."

"ते धुकं होतं म्हणून गेलं," कालोलाइने म्हणाली.

"विमान कंपनीने धुकं सांगितलं. बिचारे काय सांगणार, फोलाऊ नाचत होता म्हणून?"

त्या गर्दीत सेमिसीही उभा राहून टाळ्या वाजवायचा. उएपा त्याच्या मागच्या बाकावर असायचा, त्यामुळे त्याने पाहिलं होतं. सेमिसीचे तळहात एकमेकांना टेकत नसत.

आणि दानाचं एक वेळ सोडून देऊ. लूपेआत्या ही दोघांची आत्या. बापाची बहीण, तिने मागितलं तर भाच्याने नाही म्हणायचं नसतं. ती मागायची, आणि फक्त फोलाऊकडे मागायची. गल्लोगल्ली फिरणारी दुकानाची गाडी तिच्या दारात थांबली आणि गाडीतलं वॉशिंग मशीन तिच्या मनात भरलं, तेव्हा तिने फोन केला तो फोलाऊला. दुकानात तेच मशीन निम्म्या किमतीत मिळालं असतं. पण आत्याचं मन गाडीतल्या मशीनवर बसलं होतं, आणि आत्याच्या मनाला कुणी किंमत विचारत नाही. फोलाऊने हप्त्याच्या कागदावर सही केली. दोन महिन्यांनी हप्ता थकला, तो थकलाच.

"माझं नाव कशाला मध्ये आणतोस?" लूपेआत्या म्हणाली.

"तुमच्याशिवाय गोष्ट कशी पुढे जाईल? आणि खरं सांगा, सेमिसीकडे का नाही मागितलंत? तोही तुमचाच भाचा."

"मागितलं होतं की एकदा. मिठाचा पुडा. आणून दिला आणि दुसऱ्या दिवशी विचारायला आला, मीठ बरं निघालं का?"

सगळ्या हसल्या. कुंपणाजवळ सेमिसी फावड्याने एक दगड उचलून दुसरीकडे ठेवत होता. मग तोच दगड त्याने पुन्हा पहिल्या जागी ठेवला.

"तर या घराची रांग लागली होती," उएपा पुढे म्हणाला. "फोलाऊने अर्ज दिला. आणि दुसऱ्या दिवशी सेमिसीनेही दिला."

कालोलाइनेच्या हातातलं पान दुमडायचं राहिलं.

"याच घरासाठी?"

"याच."

"पण भावजी आणि त्यांची बायको, दोघंच तर असतात. त्यांना तीन खोल्या कशाला?"

"एक झोपायला, एक पाहुण्यांना, एक पावत्या ठेवायला," उएपा म्हणाला. पण या वेळी कुणी हसलं नाही. कालोलाइनेने कुंपणाकडे पाहिलं. जाळाच्या धगीने पलीकडची हवा हलत होती आणि त्यात सेमिसीची पाठ पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती.

"पुढचं ऐकून तर घ्या," उएपा घाईने म्हणाला. "गोष्ट तिथे संपली असती तर मी सांगायलाच बसलो नसतो."

ती सकाळ शनिवारची. उएपा बाईंच्या पन्हळीतली पानं काढत होता. सेमिसी आला तो कोट घालून, चर्चला घालतो तो. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दाखवली.

"तुम्हीच का सेमिसी? तुमचं नाव मी सगळ्यात वर ठेवलंय. असा स्वच्छ माणूस मी पाहिला नाही. काळजी करू नका."

"मी माझ्या भावाबद्दल बोलायला आलोय," सेमिसी म्हणाला.

इथे उएपा थांबला. त्याने कंदाचा एक डाग टोकाने कोरून काढला, फुंकर मारली, आणि मग हळूच वाक्य पुढे सरकवलं.

"म्हणाला, 'बाई, माझं नाव यादीतून काढून टाका. घर माझ्या भावाला द्या.'"

लूपेआत्याचा हात गालाला गेला. "सेमिसी म्हणाला असं?"

"शिडीवर कान दोनाचे चार होतात, लूपेबाई. ऐका."

बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाचा इतिहास मी पाहिला. वाईट आहे."

"तुम्ही पाहिलात त्याहून वाईट आहे," सेमिसी म्हणाला.

"ही कुठली रे शिफारस?" लूपेआत्याने मध्येच विचारलं.

"प्रामाणिक माणसाची. आधी वाईट सांगून टाकायचं. मग पुढे सांगितलेल्यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो."

सेमिसीने सगळं सांगितलं. वॉशिंग मशीन घेतलं आणि हप्ते बुडवले, हे सांगितलं. बाई म्हणाल्या, म्हणजे कपडे तरी स्वच्छ असतील. सेमिसी म्हणाला, मशीन त्याच्या घरी नाहीच, आत्याकडे आहे. मग गाडीचं सांगितलं. गाडी कर्जाने घेतली आणि पाद्र्याच्या मुलाला देऊन टाकली, कारण त्याला कॉलेज लांब पडत होतं. पोराने ती खांबावर घातली. गाडी भंगारात गेली आणि हप्ते फोलाऊच्या गळ्यात राहिले.

"आणि ते मोठं कर्ज?" बाईंनी विचारलं. "तीन वर्षांपूर्वीचं?"

"मयताचं."

"कुणाच्या?"

सेमिसी हातातल्या टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. फिरवून फिरवून टोपी पुन्हा पहिल्या जागी आली तेव्हा म्हणाला, "माझ्या वडिलांच्या."

नारळाच्या दुधाचा एक ओघळ पातेल्याच्या कडेवरून खाली आला. तो कुणी पुसला नाही.

"शवपेटीचे पैसे मी दिले होते," सेमिसी बाईंना सांगत होता. "हॉलचं भाडंही. लोक किती येतील याचा अंदाज मी काढला होता. त्याहून फार जास्त आले. गावाकडच्या बेटांवरून आले, ऑस्ट्रेलियातून आले. मी म्हटलं होतं, जेवढं आहे तेवढं वाढू. त्याने मला न विचारता कर्ज काढलं. डुकरं आणली, आलेल्यांना द्यायला चटया आणल्या. कुणी उपाशी गेलं नाही. लोक अजून सांगतात, सेमिसीच्या बापाचं मयत कसं झालं होतं."

"आणि तुमच्याकडून? तुमच्याकडून त्याने किती घेतलेत?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"मागितलेच नाहीत कधी."

"सगळ्या गावाकडून घेतो आणि भावाकडून नाही? असं का?"

"ते त्याला विचारा," सेमिसी म्हणाला. आवाज असा आला की उएपाने शिडीवरून खाली वाकून पाहिलं. कोटाच्या कॉलरच्या वर त्याची मान लाल झाली होती. ज्या माणसाने दाराला कुलूप घालून ठेवलंय आणि आता त्याला राग येतोय की कुणी दार का वाजवत नाही, त्याची होईल तशी.

बाईंनी आपली चार पायांची काठी जवळ ओढली.

"माझा मागचा भाडेकरू," त्या म्हणाल्या, "धुतल्या तांदळासारखा होता. एक दिवस भाडं उशिरा आलं नाही. मागच्या वर्षी मी त्या तिथे, गवतात पडले. उठता येईना. मी हाक मारली. वरच्या खिडकीचा पडदा हलला. मग बंद झाला. त्याला कामाला जायला उशीर होत होता." त्यांनी सेमिसीकडे पाहिलं. "तुमच्या भावाला हाक मारली तर?"

उएपाच्या हातातल्या पानांतून पाणी ठिबकत होतं. एक थेंब सेमिसीच्या खांद्यावर पडला, दुसरा पडला. त्याने वर पाहिलंही नाही.

"येईल," तो शेवटी म्हणाला. "जेवत असला तरी उठून येईल. उष्ट्या हाताने."

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. "त्याला सांगा, पगार झाला की भाडं बँकेने परस्पर माझ्याकडे पाठवायचं, त्याच्या हातात पडायच्या आधी. उरलेल्यातून तुम्ही सगळे त्याला खुशाल लुटा."

उएपाने सुरी टबाच्या काठावर ठेवली. गोष्ट संपली होती.

लूपेआत्या आधी बोलली. "मी त्याला उगाच मिठावरून बोलले," ती म्हणाली, आणि दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून उठली. "अरे सेमिसी! इकडे तोंड कर. आज पहिलं ताट तुझं. आणि पाद्र्यासमोर मी स्वतः उभी राहून तुझं नाव पुकारणार आहे. मोठ्याने. साऱ्या मांगेरेला ऐकू जाऊ दे."

सेमिसी वळला. चेहरा काजळीने माखला होता, धुराने डोळे लाल झाले होते. फावडं हातात तसंच होतं.

कालोलाइने समारंभासाठी कमरेला गुंडाळलेल्या चटईखालच्या कापडाला हात पुसत त्याच्यापर्यंत गेली. नात्याने जेवढं अंतर ठेवायचं तेवढं ठेवून उभी राहिली.

"भावजी, तुमच्याकडे कधी मागितलं नाही, त्याचा राग धरू नका," ती म्हणाली. "मीच एकदा फोलाऊला म्हटलं होतं, सेमिसीभावजींकडे माग ना, ते नाही म्हणणार नाहीत. तर म्हणाला, 'सगळ्या जगासमोर मान खाली घालून फिरतो मी. एक सेमिसी राहू दे. त्याच्यासमोर तरी मला ताठ उभं राहता येतं.'"

सेमिसीने फावड्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

तेवढ्यात फाटकातून व्हॅन आत आली. फोलाऊ उतरला, खांद्यावर खुर्च्यांची चळत, कपाळावर घाम. अंगणात सगळ्या उभ्या, लूपेआत्या टाळ्या वाजवायला लागलेली, तिच्या पाठोपाठ कालोलाइने, आणि समोर फावडं घेतलेला सेमिसी.

"कुणासाठी टाळ्या?" फोलाऊने विचारलं.

"तुझ्या भावासाठी!" आत्या ओरडली.

कशाबद्दल, हे फोलाऊने विचारलं नाही. खुर्च्या त्याने धाडकन गवतात टाकल्या आणि तोही टाळ्या वाजवायला लागला, कुणाहीपेक्षा मोठ्याने, तोंडभर हसत. दोन पावलं नाचलासुद्धा.

उएपाने सोललेलाच कंद पुन्हा सोलायला घेतला.

"थांबा," सेमिसी म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही. त्याने फावडं जमिनीत रोवलं.

"थांबा म्हणतो ना. खोटं आहे ते."

टाळ्या एकेक करून थांबल्या. फोलाऊच्या सगळ्यात शेवटी.

"काय खोटं?" लूपेआत्या म्हणाली. "मशीनचं?"

"मशीनचं खरं आहे. मयताचं खरं आहे. बाकी सगळं खरं आहे." तो फोलाऊकडे बघत नव्हता, उएपाकडे बघत होता. "माझं नाव काढा असं मी म्हणालो नव्हतो, उएपा. तू वर होतास, तू ऐकलंयस. याला घर मिळू नये म्हणून गेलो होतो मी."